पाहुण्याचं पाणी

जरा सांभाळून उचला मला. डाव्या कडेला तडा गेलाय. पोटावर पिवळा पडलेला कागद चिकटलाय तो नखाने उकरू नका, त्यावर माझा नंबर आहे. हायकोर्टाने दिलेला. आमच्या वारिमा गावात तुंबे पुष्कळ आहेत. कुणाच्या घरी पीठ उपसायला, कुणाच्या घरी अंघोळीला, एकात तर कोंबडी अंडी घालते. पण कोर्टाचा नंबर असलेला मी एकटाच. एवढी ऐट मला करू द्या. पुढे जे सांगणार आहे त्यात ऐट करण्यासारखं फारसं नाही, कारण ज्या पाण्यामुळे गावाचा ओढा हातचा जायची वेळ आली, ते पाणी माझ्यातूनच गेलं होतं.

मी युलालियाच्या स्वयंपाकाच्या झोपडीमागच्या झाडावर जन्मलो. आमची फळं थेट खोडालाच लागतात, आणि मी तर इतका खाली लागलो होतो की कोंबड्या येताजाता मला पाठ घासायच्या. युलालिया रोज सकाळी येऊन माझ्यावर बोटाने टकटक करायची आणि "नाही अजून" म्हणून निघून जायची. एक दिवस तिला हवा तसा आवाज आला. तिच्या नवऱ्याने, अलॉयशियसने, मला करवतीने उभा चिरला. माझा दुसरा अर्धा भाऊ पीठ उपसायच्या कामाला लागला आणि एका पुरात वाहून गेला. मला मात्र उकळलं, चमच्याने खरवडलं, उन्हात वाळवलं. तेव्हा मी मनातल्या मनात दोघांनाही पुष्कळ नावं ठेवली.

आमच्याकडे तुंब्यावर नक्षी काढतात ती बाहेरून. अलॉयशियस सुरी घेऊन आतच शिरला. माझ्या तळाशी त्याने एक मासा कोरला, खवले, कल्ले, डोळा सगळं व्यवस्थित, आणि रेषांमध्ये चुलीची काजळी भरली.

"आत काढून काय उपयोग?" युलालिया म्हणाली. "कुणाला दिसणार तो?"

"पाणी पिणाऱ्याला," तो म्हणाला.

आणि खरंच. तमाकाय ओढ्याचं पाणी माझ्यात भरलं, जरा हललं, की मासा पोहायला लागायचा. युलालियाने दोनदा तीनदा हलवून पाहिलं, आणि त्या दिवसापासून मला खुंटीवर वेगळी जागा मिळाली. मी पाहुण्यांचा तुंबा झालो. घरच्या माणसाने मला तोंड लावायचं नाही, असा तिचा दंडक. अलॉयशियससुद्धा चहाच्या टमरेलातून पाणी प्यायचा.

त्यामुळे मला माणसं पाहायला मिळाली ती पितानाची, आणि पिताना माणूस फारसं लपवू शकत नाही. पाद्रीबाबा डोळे मिटून प्यायचे, त्यांनी मासा कधी पाहिलाच नाही. शाळेतली नवी बाई आधी मासा पाहून हसायची, मग प्यायची. विमान चालवणारा एका घोटात रिकामा करून तोंड पुसायचा. निवडणुकीच्या आधी शहरातून जी मंडळी येत ती ओठ टेकवल्यासारखं करून मला पुढच्याच्या हातात देत. युलालियाच्या ते लक्षात यायचं. मग ती त्यांना भाकरी देताना कडेची, जराशी करपलेली द्यायची.

अलॉयशियस तापाने गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी ओढ्याच्या वरच्या अंगाला सोन्याची मशीनं आली. पाण्यावर तरंगणारी, डिझेलवर चालणारी, सोंड खाली सोडून ओढ्याचा तळच वर ओढणारी. सोनं काढून घ्यायचं, चिखल परत सोडायचा, आणि त्या चिखलाबरोबर सोनं वेगळं करायला वापरलेला पाराही. आवाज गावात यायचा नाही. पाणी तेवढं यायचं.

पहिल्या दिवसाचं मला लख्ख आठवतं. परिचारिका आली होती. युलालियाने मला ओढ्यात बुडवून भरलं आणि आत बघितलं, तर मासा नाही. पाणी दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं. तिने ओतून दिलं, मला वाळूने घासलं, पुन्हा भरलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने मला काठावर ठेवलं. मग मला काखेत धरून डोंगराची वाट धरली. वर पांढऱ्या वाळूत एक झरा आहे. अर्धा तास चढ, तेवढाच उतार, आणि बाई साठी ओलांडलेली. परिचारिका तोवर तिष्ठत बसली होती. तिने पाणी पिऊन "किती गार आहे" म्हटलं, तेव्हा युलालियाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते मी विसरणार नाही.

तेव्हापासून हाच नेम झाला. घरात पावसाचं साठवलेलं पाणी, ते संपलं की ओढ्याचं, बादलीत गाळ बसेपर्यंत थांबून वरचं वरचं घेतलेलं. त्या पाण्याने धुतलेल्या कसाव्याच्या कंदाच्या भाकरीत दाताखाली कचकच लागायची. पोरांच्या अंगावर पुरळ यायचं. पण झोपडीच्या कोपऱ्यात एक झाकलेली बादली असायची झऱ्याच्या पाण्याची, आणि तिला फक्त पाहुण्यासाठी हात लागायचा. पाहुण्याला आपली दैना कळता कामा नये. हे एकट्या युलालियाचं नव्हतं बरं का. गावातल्या प्रत्येक बाईच्या कोपऱ्यात तशी एक बादली होती, आणि प्रत्येकीला वाटायचं की आपलं एकटीचंच गुपित आहे.

गावाने शेवटी कोर्टात जायचं ठरवलं. आमचा तोशाव, म्हणजे गावाने निवडून दिलेला प्रमुख, लेनॉक्स. दांडगा माणूस, पण कागद हातात आला की घाम फुटायचा. त्याला राजधानीत, जॉर्जटाउनमध्ये, एक वकीलबाई मिळाल्या, पार्बती सुकदेव. बारीक चणीच्या, बोलायला एकदम फटकळ. गावाचं मागणं एवढंच होतं की ओढ्यातली मशीनं थांबवा. लेनॉक्सने पुरावा म्हणून रमच्या बाटल्या धुऊन त्यात ओढ्याचं पाणी भरून पाठवलं. ते कोर्टाने घेतलं नाही. रमच्या बाटलीतलं पाणी कोण पुरावा मानणार, असं पार्बतीबाईंनी त्याला गावाच्या बिनतारी रेडिओवर सुनावलं ते आख्ख्या गावाने ऐकलं.

मग मशीनवाल्या कंपनीने आपला माणूस पाठवला, पाणी तपासायला. मिस्टर ब्रेथवेट. विमान उतरलं तेव्हा लेनॉक्स वरच्या गावाला सभेसाठी गेलेला, बरीचशी माणसं शेतावर. धावपट्टीपासून पहिलं घर युलालियाचं. गृहस्थ जाड, घामाने निथळत होते, पायात करकरीत नवे बूट. ओढा किती लांब, असं त्यांनी विचारलं. युलालियाने हाताने खालची वाट दाखवली. वाट चिखलाची होती, आभाळ भरून येत होतं, आणि वैमानिक घड्याळ दाखवत होता. ब्रेथवेटसाहेबांनी एकदा बुटांकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, आणि बाकावर बसकण मारली.

"आजी, ओढ्याचंच थोडं पाणी आणून द्या," ते म्हणाले. "तुम्ही पिता तेच."

आता इथेच सगळं झालं, म्हणून नीट ऐका. तिला शब्द न् शब्द कळला होता. पण आमच्याकडे भला पाहुणा असंच बोलतो. भाकरी शिळी असली तरी चालेल, पाणी ओढ्याचं असलं तरी चालेल, माझ्यासाठी काही करू नका. आणि ते ऐकून खरोखरच शिळी भाकरी पुढे करील असं घर आमच्याकडे नाही. युलालियाला वाटलं, काय साधा माणूस आहे. तिने मला खुंटीवरून काढलं आणि कोपऱ्यातल्या बादलीत बुडवलं.

ते गटागटा प्याले. तळातला मासा पाहून "वा" म्हणाले. आणखी द्या म्हणाले. तिने पुन्हा भरून दिलं, तर त्यांनी पिशवीतून दोन काचेच्या बाटल्या काढल्या आणि मला तिरपं करून त्यांत ओतलं. युलालिया खूश झाली. तिला वाटलं, पाणी इतकं आवडलं की वाटेसाठी नेतोय. तिने वैमानिकासाठीही एक भरून दिलं. मलाही तेव्हा काही कळलं नाही. उलट मी फुशारलोच होतो. मासा त्या दिवशी फार छान पोहत होता.

चार महिन्यांनी लेनॉक्स शहरातून कागद घेऊन आला आणि शाळेत सभा भरली. मला हे सगळं नंतर जेनेलच्या बोलण्यातून कळलं. जेनेल म्हणजे युलालियाच्या बहिणीची मुलगी, गावाचा रेडिओ तीच सांभाळते. कंपनीने कोर्टात अहवाल दिला होता. तमाकाय ओढ्याचं पाणी गावापाशी स्वच्छ, गाळ नाही, पारा नाही, मशीनांमुळे कोणतंही नुकसान नाही. लोक चिडले, मग एकमेकांकडे बघायला लागले. नमुना गावातल्याच माणसाने आणून दिला असं अहवालात लिहिलं होतं. नाव नव्हतं. आणि लेनॉक्सचा धाकटा भाऊ क्लीटस मशीनवर कामाला होता. पाणी बदललं ते त्यानेच, हे कुणी मोठ्याने म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून क्लीटसच्या बायकोशी पूर्वीसारखं हसून बोलणं बंद झालं.

युलालिया सभेतून घरी आली आणि मला खुंटीवरून काढून मांडीवर घेऊन बसली. तिच्या अंगठ्याखाली मासा होता. तिला कळलं होतं. तिच्यामुळे मलाही कळलं. तुम्ही म्हणाल, तुंब्याला काय लाज वाटते? वाटते. जे पाणी मी इतक्या ऐटीत दिलं होतं, त्याच पाण्याने आमचा ओढा बुडणार होता.

ती तीन दिवस कुणाशी बोलली नाही. खरं सांगायचं म्हणजे नुसतं गावाला नाही, कोर्टात सांगावं लागणार. आणि काय सांगायचं? की घरात आम्ही गढूळ पाणी पितो आणि पाहुण्यापासून लपवतो. आयुष्यभर जे झाकलं तेच चार लोकांत उघडं करायचं. वर खोटं पाणी दिलं म्हणून आपल्यालाच आत टाकतील, अशीही भीती.

चौथ्या दिवशी सगळ्या गावाने मिळून एका म्हाताऱ्याचं शेत साफ करायचं होतं. अशा कामाला आमच्याकडे सगळे येतात आणि काम झालं की कसाव्याचं आंबवलेलं जांभळं पेय एकत्र बसून पितात. क्लीटसला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो कोयता घेऊन आला. सगळ्यांच्या बरोबरीने राबला. पेय वाढताना मात्र वाढणारीने त्याला सोडून पुढच्याला दिलं. तो खाली मान घालून बसला.

तेव्हा युलालिया उठली. तिने मला कापडात गुंडाळून बरोबर आणलं होतं, म्हणजे मनात काहीतरी ठरवूनच आली असणार. मला काढून तिने सगळ्यांच्या मध्ये जमिनीवर ठेवलं.

"पाणी बदललं ते मी," ती म्हणाली. "ह्या तुंब्यातून दिलं. डोंगरावरचं."

मग तिने सगळं सांगितलं, नवे बूट, बाटल्या, कोपऱ्यातली बादली. तेव्हा पेय वाढणारी बाई, तीच ती, हातातली पळी ठेवून म्हणाली, "मावशी, माझ्या दाराशी आला असता तर मी पण झऱ्याचंच दिलं असतं. माझी पण बादली आहे."

"माझी पण," आणखी एक म्हणाली. मग एकेकीची बादली बाहेर पडायला लागली. लेनॉक्स आपल्या बायकोकडे बघतच राहिला, कारण घरात तशी बादली आहे हे त्या बापड्याला त्या दिवशी कळलं. शेवटी लोक हसले, फार दिवसांनी. युलालियाने स्वतःच्या हाताने क्लीटसला भरून दिलं, तेही माझ्यातून. तो गावचाच माणूस, पाहुणा नव्हे, पण त्या दिवशी तिला तो पाहुण्याच्या मानाचा वाटला असावा. त्या कृतीबद्दल मी तिचा कायमचा ऋणी आहे, कारण माझ्या पोटातली लाज त्या घोटाबरोबर निम्मी तरी गेली.

पार्बतीबाई रेडिओवर आधी खूप चिडल्या. हे आधी सांगायला काय झालं होतं, आता कंपनीचा वकील आजींना सोलून काढील, असं म्हणाल्या. मग त्या म्हणाल्या, "आजींना येऊ दे. माझी आईसुद्धा हेच करायची. आणि तो तुंबा घेऊन या."

अशा रीतीने मी विमानात बसलो, युलालियाच्या मांडीवर. तीही पहिल्यांदाच बसली होती. तिने सगळा वेळ मला इतकं घट्ट धरलं होतं की मासा जिवंत असता तर गुदमरला असता.

कोर्टात लाकडी जिने, उंच खिडक्या आणि पंखे. युलालिया पिंजऱ्यात उभी राहिली, शेजारी जेनेल तिचं बोलणं इंग्रजीत सांगायला. कंपनीचा वकील उंच, गोड आवाजाचा. त्याने आधी तिची तब्येत विचारली, मग प्रवास कसा झाला ते विचारलं, आणि मग सुरुवात केली. मिस्टर ब्रेथवेटनी ओढ्याचं पाणी मागितलं होतं की नाही? होतं. ते तुम्हाला कळलं होतं की नाही? कळलं होतं. तरी तुम्ही दुसरंच दिलंत?

"हो," युलालिया म्हणाली.

"म्हणजे तुम्ही त्यांना फसवलंत."

"हो."

पार्बतीबाईंनी कपाळाला हात लावला. वकील खूश होऊन न्यायमूर्तींकडे वळला. एकदा फसवलं असं स्वतः कबूल करणारी बाई आज खरं बोलते आहे हे कशावरून, असं त्याने विचारलं. माझ्या मते त्या क्षणी ओढा गेलाच होता.

युलालियाने जेनेलला थांबवलं आणि स्वतःच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या वकिलालाच विचारलं, "साहेब, तुम्ही माझ्या घरी आलात तर मी तुम्हाला कुठलं पाणी देऊ?"

साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात, असं काहीतरी वकील पुटपुटला. पण न्यायमूर्ती पुढे झुकले होते. वयस्क माणूस, चष्मा नाकावर घसरलेला. ते म्हणाले, "आणि मी आलो तर, आजी?"

"झऱ्याचं."

"मी ओढ्याचं मागितलं तरी?"

"तरी झऱ्याचंच देईन, जजसाहेब. पण मग तुम्हाला हाताला धरून ओढ्यावर नेईन. त्या साहेबाला नेलं नाही, ती माझी चूक. त्याचे बूट नवे होते."

मागे कुणीतरी हसलं. न्यायमूर्ती हसले नाहीत. त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि मग सांगितलं की कोर्ट स्वतः जागा बघायला येईल.

ते आले. बरोबर दोन्ही वकील, एक कारकून, आणि ब्रेथवेटसाहेबही, ह्या खेपेला जुने बूट घालून. मी युलालियाच्या हातात होतो. सगळ्यांना तिने आधी बाकावर बसवलं आणि माझ्यातून एकेकाला झऱ्याचं पाणी दिलं, कंपनीच्या वकिलालासुद्धा. न्यायमूर्तींनी पिताना आत पाहिलं. "मासा छान आहे," म्हणाले. तो नवऱ्याने कोरला, असं तिने सांगितलं.

मग चिखलाची वाट. तिने खरंच त्यांचा हात धरला होता. ओढ्यावर पोचल्यावर न्यायमूर्तींनी मला पुढे करून म्हटलं, ह्यात भरून द्या. युलालिया मागे सरकली.

"हे मी कुणाला भरून दिलेलं नाही," ती म्हणाली. "तुम्हीच घ्या."

हायकोर्टाचा न्यायाधीश ओढ्याच्या काठावर दोन्ही गुडघे टेकून वाकला. पँटला चिखल लागला. त्यांनी मला बुडवून वर काढलं आणि आत पाहिलं. मी वाट बघत होतो. तेही बघत होते. त्यांनी मला एका दगडावर ठेवलं, खिशातून घड्याळ काढलं आणि पाणी निवळायची वाट बघत तिथेच बसून राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. मासा काही दिसेना.

ब्रेथवेटसाहेब हळूच पुढे आले. टोपी काढून म्हणाले, "साहेब, मी त्या दिवशी इथवर आलो नव्हतो." एवढंच म्हणाले. पण त्यांनी ते आपणहून म्हटलं, कुणी विचारलेलं नसताना, कंपनीच्या वकिलासमोर. माणूस आळशी होता, वाईट नव्हता. मी त्यांचाही आभारी आहे.

न्यायमूर्तींनी ओढ्यातून नीट मोहोरबंद बाटल्या भरून घेतल्या, गावासमोर, प्रत्येक बाटलीवर लेनॉक्सची सही घेऊन. आणि कारकुनाला सांगितलं की हा तुंबाही घ्या. त्याच दिवशी माझ्या पोटावर हा कागद बसला. युलालियाने मला कारकुनाच्या हाती देताना एकदा तळावरून अंगठा फिरवला.

कोर्टाच्या दफ्तरखान्यात मी दीड वर्ष काढलं. एका बाजूला गंजलेली बंदूक, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी भांडणातलं तुटकं दार. तिथली हवा यंत्राने कोरडी केलेली, आणि तुंब्याला कोरडी हवा म्हणजे मरण. एक दिवस माझ्या कडेतून टक्क असा आवाज आला. हाच तो तडा. तो पुढे वाढला नाही, त्याचं श्रेय मिस ओडेसाचं. ती तिथली नोंदी ठेवणारी. पुराव्याला हात लावायचा नाही असा नियम तिच्या डोक्यावरच भिंतीवर लावलेला होता. ती दर शुक्रवारी केसांना लावायची खोबरेल तेलाची बाटली काढायची, इकडेतिकडे बघायची आणि दोन बोटं माझ्यावरून फिरवायची. माझं तिच्याशी काय नातं? काही नाही. जगात अशी माणसं भेटतात म्हणून माझ्यासारख्यांचा जीव राहतो.

निकालाच्या दिवशी मला कोर्टात टेबलावर ठेवलं होतं. निकाल लांबलचक होता, त्यातलं निम्मं मला कळलं नाही. पण जे कळलं ते सांगतो. तमाकाय ओढ्यातली मशीनं थांबवावीत. परवाना रद्द. पुढे कुणाला काही खणायचंच असेल तर आधी गावाला विचारावं, आणि पाणी तपासायचं ते ओढ्यावर जाऊन, गावकऱ्यांसमोर. मग न्यायमूर्तींनी चष्मा काढला आणि एक परिच्छेद न वाचताच म्हटला, पाठ असल्यासारखा.

"ह्या बाईंनी तपासनीसाला फसवलं असं कंपनीचं म्हणणं आहे. पाहुण्याला घरातलं सगळ्यात चांगलं पाणी देणं ही फसवणूक ठरवायची, तर ह्या देशात कुणी कुणाच्या दारी जायला नको. दोष द्यायचाच तर जो वीस मिनिटं चालला नाही त्याला द्यावा लागेल."

पार्बतीबाई, इतक्या फटकळ, रुमालात तोंड घालून रडल्या. गावात जेनेल रेडिओशी बसली होती. तिने तो परिच्छेद तीनदा म्हणायला लावला आणि प्रत्येक वेळी मावशीला आपल्या भाषेत सांगितला. तिसऱ्यांदा ऐकून युलालिया म्हणाली म्हणे, "बरं आहे. आता तुंबा कधी देणार ते विचार."

अपिलाची मुदत संपेपर्यंत मला थांबावं लागलं. मग मिस ओडेसाने मला वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवलं. कागद तिने काढून बघितला, पण कोर्टाचा डिंक फार चिवट असतो.

मी परत आलो तेव्हा मशीनं जाऊन काही महिने झाले होते. म्हणून ओढा लगेच निवळला असं समजू नका. वरची माती अजून धुपत होती. ओढ्यातले मोठे मासे अजून खाऊ नका, असा कागद शाळेच्या भिंतीवर लागला होता, तो अजूनही आहे. क्लीटसचं काम गेलं होतं, तो आता जेनेलबरोबर दर महिन्याला ओढ्याचं पाणी बाटल्यांत भरून शहरात तपासायला पाठवतो. मशीन कुठे काय सोडतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? युलालिया पाहुण्यासाठी ओढ्याच्या पाण्याला हात लावत नव्हती. माझी खुंटी, माझी झऱ्याची बादली आणि तिची ती डोंगराची चढण, सगळं पूर्वीसारखंच होतं. फक्त आता चढताना ती मध्ये तीनदा बसायची.

मध्ये आणखी दोन वर्षं गेली. गेल्या महिन्यात शहरातून पत्र आलं. जेनेलने वाचून दाखवलं की पाणी प्यायला योग्य. युलालियाने ऐकून घेतलं, पत्र जेनेलला परत दिलं आणि मला घेऊन एकटीच ओढ्यावर गेली. न्यायमूर्ती ज्या दगडापाशी बसले होते तिथे ती बसली. मला बुडवलं. वर काढलं.

मासा दिसत होता. शेपटीपासून डोळ्यापर्यंत सगळा. पाणी हललं आणि तो पोहला.

तिने कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहिलं. तड्यातून पाणी तिच्या मनगटावरून टिपटिप गळत होतं, तरी ती बघतच होती. मग मला वाटलं, ती आता ओतून देईल आणि घरी जाईल. पण तिने मला उचलून तोंडाला लावलं. इतक्या वर्षांत घरच्या माणसाचे ओठ मला पहिल्यांदा लागले, आणि ते तिचे होते. ती सगळं पाणी प्यायली, शेवटच्या थेंबापर्यंत. मासा कोरडा पडला.

"आता पाहुण्याला द्यायला हरकत नाही," ती म्हणाली. मला म्हणाली की अलॉयशियसला, ते मी विचारलं नाही.

तर असं आहे. झऱ्याची बादली आता पालथी घातलेली आहे, तिच्यावर कोंबडी बसते. मी माझ्या खुंटीवर आहे. कधी आमच्या बाजूला आलात तर धावपट्टीजवळचं पहिलं घर, विचारायचीही गरज नाही. तुम्ही म्हणाल, माझ्यासाठी काही करू नका, ओढ्याचं पाणी चालेल. ह्या खेपेला तुम्हाला तेच मिळेल. तेवढं जरा लवकर प्या, मी गळतो.